हँडहेल्ड गेमयंत्र : दैनंदिनी व संगणक म्हणून वापर

हातात धरून खेळण्यासाठी विकलेल्या यंत्रावर फोन नंबर, कामांची यादी, दिनदर्शिका, टिपणे, हिशेब, वाचन आणि जमेल तेवढे इंटरनेट चालवण्याची पद्धत. कारखान्याने खेळणे म्हणून खोक्यात घातलेल्या वस्तूला वापरणाऱ्याने रोजच्या कामाला जुंपायचे, एवढाच तिचा गाभा. १९९० च्या दशकात कंपन्यांनी स्वतःच असे प्रयोग केले आणि ते बहुतेक फसले. पद्धतीला खरा बहर आला तो २००५ नंतरच्या काही वर्षांत, आणि तो आणला हौशी प्रोग्रामरांनी. त्या काळात पामसारखे पॉकेट संगणक महाग होते, साधा फोन बोलणे आणि एसएमएस यांपलीकडे फारसा जात नव्हता, आणि निन्टेन्डो डीएस किंवा सोनीचा पीएसपी मात्र घरात आधीच आलेला असे. स्वस्त स्मार्टफोन आल्यावर ही गरज संपली. २०२२ पासून ती उलट्या बाजूने परत आली आहे, कारण आता गेमयंत्रच आतून पूर्ण संगणक असते.

आरंभीचे प्रयत्न

निन्टेन्डोचा गेमबॉय १९८९ मध्ये आला. १९९१ मध्ये गेमटेक कंपनीने त्यासाठी इन्फोजीनियस नावाची कार्ट्रिज (यंत्राच्या खोबणीत घालायची प्रोग्रामची डबी) मालिका काढली. तीत फोनवही व दैनंदिनी, स्पेलिंग तपासनीस व गणकयंत्र, भाषांतरकोश असे प्रकार होते. कल्पना चांगली, अडचण उघड. कळफलक नसल्याने प्रत्येक अक्षर बाणांच्या कळीने शोधून निवडावे लागे, आणि खोबणीत गेम असला की दैनंदिनी खिशात. वर्कबॉय या जोडयंत्राने कळफलकाची उणीव भरून काढायचे ठरवले होते. ते १९९२ मध्ये जाहीर झाले, पण बाजारात कधीच आले नाही. त्याचा नमुना २०२० मध्ये लोकांसमोर आला.

टायगर कंपनीच्या गेम डॉट कॉममध्ये (१९९७) फोनवही, दिनदर्शिका, गणकयंत्र आणि स्पर्शाने चालणारा पडदा हे सगळे मुळातच बसवलेले होते. पुढे निन्टेन्डो डीएसने लोकप्रिय केलेली लेखणी इथे सात वर्षे आधी दिसते. गेम सुमार निघाले म्हणून यंत्र बुडाले, आणि त्यासोबत दैनंदिनीही. टॅपवेव्ह झोडियाक (२००३) हा उलट प्रकार होता. तो पाम ओएसवर चालणारा अस्सल पॉकेट संगणक, त्याला गेमसाठी कळा जोडलेल्या. कामाच्या दृष्टीने या पिढीतले सर्वांत समंजस यंत्र तेच म्हणावे लागेल. २००५ मध्ये ते बंद पडले.

निन्टेन्डो डीएस

२००४ च्या डीएसला दोन पडदे, त्यांतला खालचा स्पर्शाचा, सोबत लेखणी, मिटले की खिशात मावणारे झाकण आणि वायफाय होते. घड्याळ, दिनदर्शिका व गजर मुख्य पडद्यावरच असत, पण नोंद लिहायला जागा नव्हती. ती उणीव डीएस-ऑर्गनाइझ या हौशी प्रोग्रामने भरली. रोजची आखणी, पत्त्यांची वही, कामांची यादी, लेखणीने खरडायची पाटी, फाइली पाहणे, गाणी, साधा ब्राउझर, हे सारे त्याने अवघ्या ४ एमबी मेमरीच्या यंत्रात बसवले. वरच्या पडद्यावर महिना आणि खालच्यावर त्या दिवसाची कामे, ही मांडणी दोन पडद्यांमुळे आपसूक जुळली. एका पडद्याच्या फोनला ती आजही तितकी सहज साधत नाही.

असा प्रोग्राम चालवायला मायक्रोएसडी कार्ड घेणारी खास कार्ट्रिज लागे. तीच कार्ट्रिज चोरीचे गेम चालवायलाही वापरली जाई, किंबहुना बहुतेकजण त्यासाठीच ती घेत. जपानमध्ये २००९ साली न्यायालयाने तिच्या आयात-विक्रीला मनाई केली, पुढच्या वर्षी ब्रिटनमध्येही तसाच निकाल लागला. दैनंदिनीवाल्यांचा बचाव प्रामाणिक होता, पण ते त्या बाजारातले अल्पसंख्य होते हे मान्य करावे लागते.

इंटरनेटसाठी २००६ मध्ये ऑपेरा ब्राउझरची कार्ट्रिज आली. तिच्यासोबत जादा मेमरीचे वेगळे कार्ट्रिज दुसऱ्या खोबणीत घालावे लागे. मूळ डीएसला वायफायचे जुने डब्ल्यूईपी कुलूपच समजते. घरातला आजचा राउटर ते वापरत नाही आणि वापरूही नये, म्हणून हे यंत्र आता नेटच्या दृष्टीने मुके आहे.

पीएसपी

सोनीचा पीएसपी जपानमध्ये डिसेंबर २००४ मध्ये आणि अमेरिकेत २००५ मध्ये विक्रीला आला. ४.३ इंची रुंद पडदा, ४८० गुणिले २७२ ठिपके, ३२ एमबी मेमरी (२००७ च्या पातळ आवृत्तीत ६४) आणि मेमरी स्टिक ड्युओ. छायाचित्रे, गाणी आणि चित्रफिती तो पहिल्या दिवसापासून दाखवत होता. यंत्राच्या आतल्या प्रणालीच्या २००५ मधल्या २.०० आवृत्तीने ब्राउझर दिला, २००८ मध्ये पातळ पीएसपीवर स्काइपने फोनही लागू लागला. लिहिण्यासाठी मात्र जुन्या मोबाइलसारखी अक्षरांची चौकट पडद्यावर येई आणि बटणे दाबून दाबून शब्द जमवावा लागे. पत्ता लिहिता येतो, पत्र लिहिण्याचा कंटाळा येतो.

इथे मालकापुढे एक पेच असे. हौशी प्रोग्राम चालायचे प्रणालीच्या १.५० या जुन्या आवृत्तीवर, तर ब्राउझर मिळायचा नव्या आवृत्तीत. अपडेट केले की सोनीने पळवाट बुजवलेली. कस्टम फर्मवेअर, म्हणजे हौशींनी बदललेली प्रणाली, आल्यावर हा पेच सुटला, पण तोवर एकाच यंत्रात नेट आणि दैनंदिनी दोन्ही हवे असणाऱ्याला कशावर तरी पाणी सोडावे लागे.

देवनागरीचा अडसर

पडदा, मेमरी, बॅटरी यांची चर्चा बरीच झाली आहे. मराठी माणसाच्या हातात आल्यावर ही यंत्रे जिथे अडली ती जागा वेगळी होती. देवनागरीला नुसता फॉन्ट पुरत नाही. ‘कि’ मधली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर, पण कागदावर त्याच्या आधी. ‘र्क’ मधला रफार अक्षराच्या डोक्यावर. ‘क्ष’, ‘त्र’, ‘ष्ट’ यांचे आकार जोडून नव्याने घडतात. हे काम करणारी मजकूर-जुळणी व्यवस्था डीएस किंवा पीएसपीच्या हौशी प्रोग्रामांत नव्हती. युनिकोड फाइल उघडली तर चौकोन दिसत, आणि फॉन्ट बसवला तरी अक्षरे सुटी, वेलांट्या भलत्या जागी.

यावर दोन वाटा होत्या. लिहायचे असेल तर रोमन लिपी. गोव्यात ही वाट फारशी परकी वाटण्याचे कारण नव्हते. रोमी कोंकणीची छापील परंपरा इथे जुनी आहे, आणि मराठीच वाचणाऱ्या घरातही दुकानांच्या पाट्यांवर, लग्नपत्रिकांवर, फेस्ताच्या (चर्चच्या उत्सवाच्या) जाहिरातींवर ती नजरेखालून जाते. वाचायचे असेल तर मजकुराचे चित्र. संगणकावर पान मराठीत जुळवायचे, जेपीईजी करायचे आणि फोटोच्या फोल्डरमध्ये टाकायचे. पीएसपीला ते अक्षर आहे की झाड आहे याच्याशी घेणे नसते. शोध घेता येत नाही, दुरुस्ती करता येत नाही, पण शुद्धलेखन शाबूत राहते. डीएसवर तिसरीही सोय होती. खरडायच्या पाटीवर लेखणीने सरळ मराठीत लिहावे. तीनेक इंचाच्या पडद्यावर ओळीला तीन-चार शब्द मावतात.

गोव्यातील उपयोग

गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामकाजात वापराची मुभा राहिली. त्यामुळे इथल्या मराठी घरातल्या नोंदी तीन-चार भाषांत विखुरतात. पोदेराच्या (पाववाल्याच्या) पावाचा महिन्याचा हिशेब, फेरीबोटीच्या वेळा, सरकारी खात्याचा फोन, देवस्थानच्या उत्सवाची तिथी. यांतल्या पहिल्या तिन्हींना कुठलेही गेमयंत्र पुरते. चौथ्यापाशी दैनंदिनीचा प्रोग्राम हात टेकतो.

त्याला तारीख कळते, तिथी कळत नाही. शिरगावच्या लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला भरते. २०२४ मध्ये ती १२ मे रोजी आली, २०२५ मध्ये २ मे रोजी. ‘दरवर्षी याच दिवशी आठवण करा’ असा पर्याय निवडणारा भाविक दुसऱ्याच वर्षी चुकेल. शिगमो, चवथ, गावोगावचे काले आणि पालख्या, सगळ्यांचे तसेच. त्यावर उपाय पुन्हा चित्राचाच: भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या बारा पानांचे फोटो यंत्रात भरून ठेवायचे. पीएसपीवर पान मोठे करून सरकवता येते, त्यामुळे बारीक अक्षरही लागते. मूळ दैनंदिनी प्रोग्रामपेक्षा हे बारा फोटोच गोव्यात जास्त कामाचे ठरतात असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

कामांच्या यादीला गोव्यात एक हक्काचा विषय आहे, तो म्हणजे पुरुमेंत. पावसाळ्याआधी सुकी मासळी, मिरची, कोकम, तांदूळ, पापड यांची बेगमी मे महिन्यात होते, आणि यादी दरवर्षी जवळपास तीच असते. गेल्या वर्षीची यादी उघडून खुणा पुसायच्या आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एकेक खूण करत जायचे. लेखणीवाल्या डीएसला हे काम शोभते. ओल्या हातांनी मात्र नको.

जत्रांतल्या मराठी नाटकांची गोव्यातली परंपरा गावोगाव जिवंत आहे. दिवसभर नोकरी करून रात्री तालमीला जाणाऱ्या नटाला नक्कल (आपले संवाद) पाठ करायला बस किंवा फेरीबोट एवढाच वेळ मिळतो. संहितेची पाने चित्ररूपात भरलेला पीएसपी इथे कागदापेक्षा सरस पडतो, कारण चोडणच्या फेरीवरचा वारा त्याची पाने उडवत नाही. दुपारच्या उन्हात मात्र त्याचा चकचकीत पडदा आरसा होतो. मूळ डीएसलाही ऊन सोसत नाही. डीएस लाइटला उजेडाच्या चार पायऱ्या असल्याने तो थोडा बरा.

यंत्रे गोव्यात येण्याचा एक रस्ता म्हणजे आखातात किंवा बोटीवर नोकरी करणारे नातेवाईक. आखातातून आलेल्या चार्जरला अडचण नसते. अमेरिकेतून आलेल्या डीएसचा चार्जर मात्र १२० व्होल्टचाच असतो. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात घातला की धूर निघायला वेळ लागत नाही. पीएसपीचा चार्जर १०० ते २४० व्होल्ट चालतो. युएसबी केबलने डीएस चार्ज करणे हा सोपा उपाय. जून ते सप्टेंबरची दमट हवा आणि किनाऱ्यावरचा खार यांनी कार्ट्रिजचे संपर्क मळतात. यंत्र कार्ट्रिज ओळखेनासे झाले तर बहुधा दोष तिथे असतो आणि कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसल्यावर ते सुधारते. जुन्या पीएसपीची बॅटरी फुगते. मागचे झाकण नीट बसेना झाले तर ती लगेच काढावी, टोचून पाहू नये.

खुली यंत्रे

दक्षिण कोरियाच्या गेमपार्क होल्डिंग्जचा जीपी२एक्स (२००५) लिनक्सवर चालत होता आणि कंपनीने तो बाहेरच्या प्रोग्रामरांसाठी मुद्दाम खुला ठेवला होता. पळवाटा शोधण्याची गरजच नव्हती. पण तो दोन पेन्सिल सेलवर चाले आणि ते भराभर खाई. त्याच वर्तुळातून पॅन्डोरा निघाला. २००८ मध्ये लोकांनी आगाऊ पैसे भरले आणि पहिली यंत्रे पोचली २०१० मध्ये. पूर्ण कळफलक, स्पर्शाचा ८०० गुणिले ४८० चा पडदा, लिनक्स डेस्कटॉप आणि दहा तासांच्या आसपास टिकणारी बॅटरी. तळहातावरचा संगणक म्हणून पॅन्डोरा डीएस व पीएसपीच्या कितीतरी पुढे होता, पण तोवर स्मार्टफोनचा जमाना सुरू झाला होता.

वाल्वचा स्टीम डेक (२०२२) हा या वंशातला आजचा ठळक वारस. त्यात १६ जीबी मेमरी आहे, आणि डेस्कटॉप मोड निवडला की केडीई प्लाझ्माचा नेहमीचा लिनक्स डेस्कटॉप उघडतो. युएसबी-सी डॉकने पडदा, कळफलक, माऊस जोडले की लिब्रेऑफिसमध्ये पत्र लिहिता येते. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस असे प्रोग्राम फ्लॅटपॅकने (मूळ प्रणालीला हात न लावता प्रोग्राम बसवण्याच्या पद्धतीने) घालावेत, कारण मूळ प्रणालीची फाइलव्यवस्था केवळ-वाचनीय ठेवलेली असते आणि तिच्यात केलेली ढवळाढवळ पुढच्या अपडेटला पुसली जाते. देवनागरीचा जुना अडसर इथे उरलेला नाही. जोडाक्षरे बरोबर दिसतात आणि कळफलकाच्या यादीतून मराठी मांडणी निवडता येते. सुमारे ६७० ग्रॅम वजनाचे हे धूड खिशात मावत नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे. एसूसचा आरओजी अ‍ॅली (२०२३) विंडोज ११ वर चालतो आणि भारतात अधिकृतपणे विकला गेला, त्यामुळे दुरुस्तीच्या दृष्टीने सोयीचा. ज्याला कार्यालयातले विंडोजचे काम करायचे आहे त्याने तो घ्यावा. नुसत्या टिपणांसाठी एवढा पैसा घालण्यात अर्थ नाही.

नोंदींची सुरक्षितता

जुन्या गेमयंत्रांत नोंदी कुलूपबंद नसतात. कार्ड काढून दुसऱ्या संगणकात घातले की सारे वाचता येते. बँकेचे पासवर्ड, आधार क्रमांक अशा गोष्टी त्यांत ठेवू नयेत. त्यांचे ब्राउझरही आजच्या सुरक्षित जोडणीचे नियम पाळू शकत नाहीत, त्यामुळे बहुतेक संकेतस्थळे उघडतच नाहीत. नोंदी साध्या मजकूर-फाइलींत ठेवल्या तर कुठलेही यंत्र त्या वाचते. मेमरी स्टिक ड्युओ आता सहज मिळत नाही, पण मायक्रोएसडी बसवणारे अडॅप्टर पीएसपीत चालतात, आणि जुने कार्ड बिघडण्याआधी त्यावरचे फोल्डर जसेच्या तसे नव्या कार्डावर उतरवून घेता येतात.