मशीन उचलण्याआधी हे वाचा
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"दोन टनाचं मशीन आहे, हायड्रा पाठवा." बहुतेक फोन असेच येतात (हायड्रा म्हणजे चाकांवरची फिरती क्रेन). वजन कळायलाच हवं, पण तेवढ्यावर भागत नाही. ते वजन माल उचलायच्या पट्ट्यांवर किती येणार, हे पट्टे किती पसरले आहेत त्यावर ठरतं.

दोन टनांचा माल दोन उभ्या पट्ट्यांवर समतोल लटकला, तर प्रत्येकावर एक टन येतो. पट्टे जमिनीशी ६० अंशांत असले तर प्रत्येकी सुमारे १.१५ टन, ४५ अंशांत १.४ टन आणि ३० अंशांत चक्क दोन टन. माल तोच, पट्टेही तेच. पट्टे आखूड घेतले की ते असेच जास्त पसरतात. म्हणून "शेड बुटकी आहे, आखूड पट्टे लावून घ्या" असा आग्रह कृपया धरू नका. अशा जागी आम्ही स्प्रेडर बीम (पट्टे उभे राहावेत म्हणून वर लावायचा आडवा दांडा) आणतो, नाहीतर मशीन जॅकवर घेऊन रोलरवरून सरकवतो. वेळ जास्त जातो. तो जाऊ द्यावा. मशीनच्या साध्या आय बोल्टलाही (उचलायच्या कडीच्या बोल्टला) तिरका ताण सोसत नाही, तो सरळ वर उचलण्यासाठीच असतो.

पॉलिस्टरचे पट्टे रंगावरून ओळखता येतात: जांभळा १ टन, हिरवा २, पिवळा ३, लाल ५. तरी लेबल वाचायचंच. लेबल निघालेला किंवा कडेला चिरलेला पट्टा आम्ही वापरत नाही, तुमच्या स्टोअरमधला असला तरी. फास घालून बांधला की पट्ट्याची क्षमता साधारण ८० टक्के उरते. मशीनच्या बेडच्या (खालच्या सांगाड्याच्या) धारेवर पट्टा टेकत असेल तर मध्ये कॉर्नर गार्ड, म्हणजे धार झाकणारा तुकडा, हवाच.

आमची माणसं पोचण्याआधी एवढं करून ठेवा. व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं संगणकीय मिलिंग मशीन) असेल तर कूलंटची, म्हणजे थंडाव्याच्या द्रवाची, टाकी रिकामी करा, आणि टेबल व हेड कंपनीच्या ट्रान्स्पोर्ट ब्रॅकेटने बांधा. हवेत टेबल सरकलं तर तोल गेलाच. लेथ हेडस्टॉककडे (काम फिरवणाऱ्या डोक्याकडे) जड असतो, त्यामुळे हुक मधोमध न घेता त्या बाजूला घ्यावा लागतो. नेमका किती, हे पहिल्या उचलीत कळतं. मशीन जेमतेम वीतभर उचलून आम्ही थांबतो. एक टोक खाली गेलं तर परत टेकवून पट्टे बदलतो. हे दोन-तीनदा झालं तरी माणसांना घाई करू नका. सगळं काम या वीतभर उंचीवरच नीट होतं.

१४ टनी हायड्रा सगळीकडे १४ टन उचलतोच असं नाही. बूम (क्रेनचा लांब हात) जितका बाहेर, तितकी क्षमता कमी. म्हणून दारापासून मशीन किती आत आहे ते आम्ही विचारतो.

कारखाना अधिनियम, १९४८ (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या श्रम संहितेने घेतली) च्या कलम २९ नुसार क्रेन, साखळ्या, दोर यांची १२ महिन्यांतून निदान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी सक्तीची होती. आमची प्रमाणपत्रं गेटवरच मागा, संकोच नको. तुमची ईओटी क्रेन (शेडमध्ये वर रुळांवर चालणारी) आणि चेन ब्लॉकही (साखळीची कप्पी) त्यातच यायचे, त्यांच्या तारखा बघून घ्या.

काम चालू असताना इशारे आमचा एकच माणूस देईल, पण "थांबा" कुणीही ओरडलं तरी हायड्रा थांबेल. मालाखाली कुणी जायचं नाही, आणि लटकता माल हाताने ढकलायचा नाही, त्यासाठी दोरी बांधलेली असते.

फोन करताना मशीनच्या नेमप्लेटचा फोटो, दाराची रुंदी-उंची आणि वाटेत फरशीखाली गटार किंवा केबलची चर असेल तर तेही कळवा.