रस्त्यावरचे ‘रेडियम’ आणि त्यामागचा साचा

गळीत हंगामात कोल्हापूर-सांगलीकडच्या रस्त्यावर रात्री गाडी चालवलेल्या कोणालाही हा अनुभव असतो. पुढे अंधार, आणि अचानक जमिनीपासून दोन-तीन फुटांवर लाल पट्टी पेटल्यासारखी दिसते. मग कळते की पुढे उसाची ट्रॉली आहे. त्या पट्टीला आपण सगळे ‘रेडियम’ म्हणतो. गावोगावी ‘रेडियम आर्ट’ची दुकाने आहेत. पण त्या पट्टीत रेडियम नसते आणि ती स्वतः चमकतही नाही. आपल्याच दिव्याचा प्रकाश ती आपल्याकडे परत पाठवते. हे काम रंगाचे किंवा रसायनाचे नसून आकाराचे आहे, आणि तो आकार येतो साच्यातून. चांगल्या प्रतीच्या परावर्तक पट्टीचा इतिहास मला तरी साचेकामाचाच इतिहास वाटतो.

कॅरम खेळलेल्यांना यामागचे तत्त्व हातानेच माहीत असते. कोपऱ्याजवळ स्ट्रायकर एका कडेवर आपटून लगेच दुसऱ्या कडेवर आपटला, तर तो आला त्या वाटेला समांतर असा परत येतो. बोर्ड सपाट असल्यामुळे तिथे दोन कडा पुरतात. प्रकाशाला तीन बाजू लागतात: दोन भिंती आणि जमीन जिथे मिळतात तसा, तिन्ही बाजू एकमेकींना काटकोनात असलेला कोपरा. त्यात शिरलेला किरण तीनदा आपटून उगमाकडे वळतो. अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी १९६९ मध्ये चंद्रावर ठेवलेल्या चौकटीत असेच १०० काचेचे कोपरे आहेत आणि पृथ्वीवरून सोडलेला लेसर त्यांच्यावरून परत येतो. ट्रॉलीच्या पट्टीत हाच कोपरा केसाच्या जाडीइतका लहान होऊन हजारोंच्या संख्येने बसलेला असतो.

सुरुवातीला मात्र बाजी काचेच्या मण्यांनी मारली. गोल मणी समोरून आलेला प्रकाश आपल्या पाठीवर एकवटतो, आणि पाठीला चकाकी असेल तर तो आल्या दिशेने परततो. इंग्लंडमधील हॅलिफॅक्सच्या पर्सी शॉ यांनी १९३४ मध्ये रस्त्यात बसवायच्या ‘मांजरडोळ्यां’चे पेटंट घेतले. अमेरिकेत मिनेसोटा मायनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग, म्हणजे आजची थ्रीएम, या कंपनीने बारीक मणी फलकावर चिकटवायच्या पातळ पत्र्यावर बसवले आणि १९३९ मध्ये मिनियापोलिसजवळ तशा पत्र्याचा पहिला फलक उभा राहिला. मण्याला साचा लागत नाही. वितळलेली काच थेंबासारखी आपोआप गोल होते. म्हणूनच ही पद्धत लवकर जमली आणि स्वस्त राहिली. पण मण्यातून बराच प्रकाश वाया जातो. अमेरिकी मानक एएसटीएम डी ४९५६ मध्ये साध्या मण्यांच्या पांढऱ्या पत्र्याला, जवळजवळ समोरून पाहताना, किमान ७० कँडेला प्रति लक्स प्रति चौरस मीटर एवढी चमक लागते. त्याच मानकातील प्रकार ११ हा प्रिझमचा, म्हणजे वर सांगितलेल्या बारीक कोपऱ्यांचा, पत्रा आहे आणि त्याला ५८० लागते.

कोपऱ्यांची कल्पना मण्यांच्या पत्र्याहून जुनी आहे. जर्मनीतील रुडॉल्फ श्ट्राउबेल यांचे अशा परावर्तकाचे अमेरिकी पेटंट १९०६ चे आहे. अडचण होती ती असे कोपरे शेकड्यांनी, एकसारखे आणि स्वस्तात पाडण्याची. १९२० आणि १९३०च्या दशकांत अमेरिकेतील जोनाथन स्टिमसन यांनी या दिशेने काम केले आणि पुढे ‘स्टिमसोनाइट’ या नावाने ते प्रसिद्ध झाले. या परंपरेतील साचा सळ्यांचा असतो. षटकोनी सळीच्या टोकावर एकमेकींना काटकोनात असलेल्या तीन सपाट बाजू घासून आरशासारख्या करायच्या, अशा शेकडो सळ्यांची मोळी घट्ट बांधायची आणि तिच्या टोकांवर विजेच्या साहाय्याने निकेलचा जाड थर चढवायचा. थर सोलून काढला की साचा तयार. सायकलच्या मागचा लाल रिफ्लेक्टर आजही मुख्यतः याच वाटेने येतो. त्याच्या आतल्या बाजूला दिसणारे षटकोन ही त्या सळ्यांच्या टोकांची छापच आहे.

मोळीला मर्यादा आहे ती सळीच्या जाडीची. दोन-तीन मिलिमीटरची सळी घासता येते, पण एक दशांश मिलिमीटरची सळी पकडायची तरी कशी? आणि गुंडाळता येणारी पातळ पट्टी हवी असेल तर कोपरे तेवढेच लहान हवेत.

यावर उपाय सापडला तो खाचा पाडण्यात. धातूच्या सपाट पट्टीवर समांतर खाचा ओढायच्या, मग पट्टी ६० अंशांनी फिरवून दुसऱ्यांदा आणि पुन्हा ६० अंशांनी फिरवून तिसऱ्यांदा. खाचांच्या मध्ये त्रिकोणी तळाचे बारीक मनोरे उरतात. खाच इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची असते. तिचा कोन ७०.५३ अंश ठेवला की प्रत्येक मनोऱ्याच्या तीन बाजू एकमेकींना नेमक्या काटकोनात येतात. म्हणजे कोपरा वेगळा घडवावाच लागत नाही, तीन सरळ रेघांच्या छेदातून तो आपोआप उमटतो. या विषयातली मला सर्वांत देखणी वाटणारी गोष्ट हीच आहे.

ही कला प्रकाशशास्त्राच्या प्रयोगशाळांतून आली. बाल्टिमोरमध्ये हेन्री रोलंड यांनी १८८०च्या दशकात धातूच्या आरशावर इंचाला १४,४३८ रेघा ओढणारे यंत्र उभे केले होते. योगायोग असा की प्रिझमच्या पत्र्याचा धंदा ज्यांनी उभा केला त्यांचेही आडनाव रोलंडच होते. ह्यू आणि विल्यम या भावांनी १९७० मध्ये कनेक्टिकटमध्ये ‘रिफ्लेक्साइट’ सुरू केली आणि अशा पत्र्याची व तो बनवण्याच्या पद्धतीची विल्यम यांची पेटंटे १९७२ ची आहेत.

रेघ ओढणे ऐकायला सोपे आहे, पण थोडा हिशेब करून पाहा. मनोऱ्याच्या तळाची बाजू ०.२ मिलिमीटर धरली तर उंची जेमतेम ०.०८ मिलिमीटर भरते आणि दर चौरस सेंटिमीटरला साडेपाच हजारांहून अधिक मनोरे बसतात. खाचांमधले अंतर येते ०.१७ मिलिमीटर. ३० सेंटिमीटर लांब-रुंद पट्टीवर तिन्ही दिशांच्या खाचांची लांबी जोडली तर ती दीड किलोमीटर होते. हे सगळे अंतर एकाच हिरकणीने, म्हणजे हिऱ्याच्या टोकाच्या हत्याराने, कापायचे. एका फटक्यात पूर्ण खोली गाठली तर धातू कडेला फुगतो, म्हणून हलक्या हाताने अनेक फेऱ्या घ्याव्या लागतात आणि अंतर तितक्या पटीने वाढते. पोलाद यासाठी चालत नाही, कारण तापलेल्या लोखंडात हिऱ्यातला कार्बन विरघळतो आणि धार लवकर बोथट होते. म्हणून तांबे, पितळ किंवा निकेलचा कठीण लेप वापरतात. तांब्याची ही पट्टी एका अंशाने तापली तरी सुमारे ५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढते. तिसऱ्या दिशेची खाच आधीच्या दोघींच्या छेदबिंदूतूनच गेली पाहिजे, त्यामुळे काम चालू असताना खोलीचे तापमान हलूही द्यायचे नसते.

एवढ्या कष्टाने कोरलेली पट्टी थेट उत्पादनाला कोणी लावत नाही. तिच्या प्रती काढतात. यामागचे तंत्र १८३८ चे आहे. सेंट पीटर्सबर्गमध्ये मोरिट्झ याकोबी यांनी विजेने धातूचा थर चढवून वस्तूची हुबेहूब नक्कल काढून दाखवली. ग्रामोफोनच्या तबकड्याही याच रीतीने छापल्या जात. मूळ मुद्रणावरून धातूची प्रत, तिच्यावरून आणखी प्रत, आणि कारखान्यात त्यांना बाप, आई, मुले अशीच नावे असत. इथेही तसेच चालते. मूळ पट्टीवर उंच मनोरे असतात, म्हणून पहिल्या पिढीच्या निकेलमध्ये खळगे येतात आणि तोच साचा ठरतो. त्याच्यावरून काढलेली दुसरी पिढी पुन्हा मूळ पट्टीसारखी आणि तिसरी पुन्हा साचा. दोन पिढ्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये निकेलच्या पृष्ठावर ऑक्साइडचा नगण्य जाडीचा थर आणतात. दर चौरस डेसिमीटरला १ अँपिअर प्रवाह दिला तर तासाला सुमारे १२ मायक्रॉन निकेल चढते, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या साच्याला ४० तास. घाई केली तर निकेलमध्ये ताण राहतो, सोललेली प्रत वाकते आणि तिच्याबरोबर सगळे कोनही वाकतात. शेवटी असे तुकडे शेजारी शेजारी जोडून त्यांचा पट्टा करतात. त्या फिरत्या पट्ट्यावर एक तर तापवलेले प्लॅस्टिक दाबले जाते किंवा पातळ राळ ओतून ती अतिनील प्रकाशाने घट्ट केली जाते.

कोपरा अगदी निर्दोष झाला तरी पट्टी निरुपयोगी ठरते, हे पहिल्यांदा ऐकताना खरे वाटत नाही. निर्दोष कोपरा प्रकाश थेट हेडलाइटमध्ये परत पाठवेल, आणि पाहणारा डोळा तर त्याच्या वर असतो. अर्धा मीटर वर धरला तर १०० मीटरवरून तो फरक अंशाच्या तीन दशांशाच्या आसपास येतो. म्हणून खाचेचा कोन मुद्दाम किंचित चुकवतात. पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकमध्ये तिन्ही काटकोन एकेका कलेने, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाने चुकले, तर परतणारा किरण सुमारे ५ कलांनी सरकतो. तेव्हा चूक हवी ती तीन-चार कलांची आणि तीही वेगवेगळ्या खाचांत वेगवेगळी, म्हणजे कार आणि ट्रक दोघांच्याही चालकांना पट्टी दिसते. थ्रीएमच्या रॉजर ॲपेलडॉर्न आणि सहकाऱ्यांचे १९८८ चे पेटंट याच मोजूनमापून केलेल्या चुकीचे आहे. शाळा-कॉलेजात ज्या ओव्हरहेड प्रोजेक्टरवर आपण धडे पाहिले, त्याची बारीक खाचांची सपाट भिंग-पट्टी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला याच ॲपेलडॉर्न यांच्या कामातून आली होती.

सरळ खाचांच्या पद्धतीत एक तोटा मात्र मुळातच आहे. त्रिकोणी तळाच्या मनोऱ्यात शिरलेला प्रत्येक किरण तिन्ही बाजूंना भेटत नाही. समोरून पाहिले तरी मधला षटकोनच काम करतो, म्हणजे क्षेत्रफळाचा दोन तृतीयांश भाग, आणि तिन्ही टोके मुकी राहतात. तिरके पाहिले की हा वाटा आणखी घटतो. थ्रीएमचे टिमोथी हूपमन यांनी १९८६ च्या पेटंटात मनोऱ्यांचा अक्षच कलता ठेवून तिरक्या प्रकाशाची सोय केली, पण मुकी टोके मुकीच राहिली. पूर्ण क्षेत्र कामी लावायचे तर सळ्यांच्या मोळीतल्यासारखा पूर्ण घनकोपरा हवा, आणि सरळ आरपार जाणाऱ्या खाचेने तो कापता येत नाही, कारण शेजारच्या कोपऱ्याची भिंत मध्ये उभी असते.

त्यावरचा तोडगा पातळ पत्त्यांचा. धातूचे अगदी पातळ पत्ते एकावर एक रचून त्यांच्या कडांवर खाचा पाडायच्या, मग पत्ते उलटसुलट करून किंवा कलवून पुन्हा रचायचे. एका पत्त्याची खाच शेजारच्याला अडत नाही, कारण कापताना तो शेजारी तिथे नसतोच. जवळजवळ मोळीचीच युक्ती, फक्त सळीऐवजी पत्ता. पत्त्यांच्या मध्ये जराशी फट राहिली तर निकेल तिच्यात शिरते आणि साच्याला नको ते पाते फुटते. आज सर्वांत तेजस्वी फलकांमागे असे पूर्ण कोपऱ्यांचे साचे असतात.

आपल्याकडे रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ६७ संहितेच्या २०१२ च्या आवृत्तीत सूक्ष्म प्रिझमच्या पत्र्यांना वेगळा वर्ग मिळाला. अवजड वाहने आणि ट्रेलरवरच्या पट्ट्यांसाठी एआयएस ०९० हे मानक आहे: पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. कोपऱ्यामागे हवा असेल तरच किरण आतल्या आत पूर्ण परततो. तिथे पाणी किंवा चिखल शिरला की चमक गेली. म्हणून पट्टीचे लहान लहान बंद कप्पे करतात. प्रिझमच्या पट्टीवर दिसणारी जाळी बहुधा त्या कप्प्यांच्या कडांची असते. पुढच्या वेळी ट्रॉलीजवळ थांबलात तर दिवसा उजेडी ती पट्टी जवळून पाहा. जाळीशिवाय कधी कधी पट्टीवर एखादी बारीक सरळ रेघ आडवी गेलेली दिसते. अनेकदा ती असते दोन निकेलचे तुकडे जोडले त्या सांध्याची.