अर्थ ६४५, तरी गोंधळ कसा होत नाही?

इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थ कोणत्या क्रियापदाला? प्रश्नमंजूषेत याचं उत्तर अजूनही 'सेट' असंच देतात. ऑक्सफर्ड कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीपुरतं ते खरं होतं. तिथे 'सेट'चे ४३० अर्थ आहेत. पण २०११ मध्ये सुधारित नोंद आली आणि ६४५ अर्थांसह 'रन' पुढे गेलं. त्या एका नोंदीसाठी संपादक पीटर गिलिव्हर नऊ महिने खपत होते.

माणूस पळतो, नाक वाहतं, बस धावते, दुकान चालतं, कपड्याचा रंग जातो, कुणी निवडणूक लढवतो. इंग्रजीत सगळीकडे 'रन'. गिरण्या, आगगाड्या, मग संगणक आले आणि नव्या शब्दाऐवजी याच क्रियापदाला जुंपलं गेलं. वापर वाढला की अर्थ वाढतात. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज झिफ यांनी १९४५ मध्ये त्याचं गणितही मांडलं: वापर शंभरपट, तर अर्थ साधारण दहापट.

'आमच्या संस्कृतमध्ये प्रत्येक शब्दाला एकच अर्थ, म्हणून ती संगणकाची भाषा' असे फॉरवर्ड पाठवणाऱ्यांनी अमरकोशातला नानार्थवर्ग, म्हणजे अनेक अर्थांच्या शब्दांचा भाग, उघडावा. एकट्या 'हरि'चे अर्थ विष्णू, सिंह, घोडा, माकड आणि बेडूकसुद्धा!

मग ऐकणाऱ्याचा मेंदू योग्य अर्थ निवडतो कसा? मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्विनी यांचा १९७९ चा प्रयोग मला फार आवडतो. इंग्रजीत 'बग' म्हणजे किडा, आणि चोरून ऐकायचं यंत्रही. कानावर वाक्य पडतं: खोलीच्या कोपऱ्यात कोळी, झुरळं आणि इतर 'बग' सापडले. तो शब्द संपतो त्याच क्षणी पडद्यावर अक्षरं झळकतात आणि हा खरा शब्द आहे का, ते बटण दाबून सांगायचं. 'मुंगी' चटकन ओळखली जाते, यात नवल नाही. पण 'हेर'ही तितक्याच चटकन! असंबद्ध शब्दाला मात्र वेळ लागतो. वाक्य तीनच उच्चारखंड पुढे गेल्यावर तपासलं, तर 'हेर'ची आघाडी संपलेली असते. म्हणजे मेंदू आधी संदर्भ बघून अर्थ शोधत नाही. दोन्ही अर्थ जागे होतात आणि नको तो लगेच विझतो. आपल्याला पत्ताही लागत नाही.

अर्थात 'बग'चे हे दोन अर्थ एकमेकांपासून बरेच लांबचे. 'रन'चे बहुतेक अर्थ एकाच गोतावळ्यातले. मानसशास्त्रज्ञ जेनिफर रॉड आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हा फरक तपासला. एकमेकांशी संबंध नसलेले अर्थ असतील तर शब्द ओळखायला उशीर होतो. नात्यातल्या अर्थछटा भरपूर असतील, तर तो उलट लवकर ओळखला जातो.