व्हाईट हाऊसची वाट चर्चवरून जाते, ती कधीपासून?

न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीला नदीखालून जोडणारा हॉलंड टनेल १९२७ मध्ये सुरू झाला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कचे गव्हर्नर अल स्मिथ डेमोक्रॅटिक पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि या बोगद्याचे फोटो भलत्याच कामासाठी फिरू लागले. थाप अशी होती की बोगदा समुद्राखालून थेट व्हॅटिकनला निघतो. स्मिथ निवडून आले की पोप याच वाटेने अमेरिकेत येणार. स्मिथ कॅथलिक होते. त्या काळी व्हॉट्सॲप नव्हतं, पण फॉरवर्ड होतेच.

स्मिथ हरले. तेजीचे दिवस होते आणि दारूबंदीला त्यांचा विरोध होता, त्यामुळे सगळं खापर धर्मावर फोडता येणार नाही. तरीही टेक्सास, फ्लोरिडा, व्हर्जिनिया अशी डेमोक्रॅटांची हक्काची राज्यं रिपब्लिकन हर्बर्ट हूवर यांच्याकडे गेली. कोणत्याही सरकारी पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही, असं अमेरिकेच्या संविधानाचं सहावं कलम सांगतं. मतदाराच्या मनातल्या अटीला मात्र कलम लागू होत नाही.

बत्तीस वर्षांनी जॉन केनेडी उभे राहिले, तेव्हा स्मिथ यांचं भूत मानगुटीवर होतंच. १२ सप्टेंबर १९६० रोजी ह्यूस्टनच्या राईस हॉटेलात ते प्रोटेस्टंट पाद्र्यांसमोर गेले. मी कॅथलिकांचा उमेदवार नाही, डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार आहे आणि कॅथलिकही आहे, असं सांगून त्यांनी उलट प्रश्नांनाही उत्तरं दिली. चर्च आणि सरकार यांची फारकत पूर्ण असावी, ही त्यांची ग्वाही आजही उद्धृत होते. धार्मिक मतदाराची भीती घालवण्यासाठी उमेदवार धर्मापासून दूर सरकत होता, हे इथे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पुढच्या वीस वर्षांत चित्र उलटं झालं.

त्याच निवडणुकीतली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. ऑक्टोबरात मार्टिन ल्यूथर किंग (ज्युनियर) यांना अटलांटातल्या धरणे आंदोलनात अटक झाली आणि नंतर वाहतूक नियमभंगाचं जुनं प्रकरण उकरून चार महिन्यांची सक्तमजुरी ठोठावण्यात आली. केनेडींनी किंग यांच्या गरोदर पत्नीला, कोरेटा यांना, फोन केला. फोन जेमतेम दोन मिनिटांचा असेल. केनेडींचे भाऊ रॉबर्ट यांनी न्यायाधीशांशी संपर्क साधला आणि किंग सुटले. किंग यांचे वडील अटलांटाच्या एबेनेझर बाप्टिस्ट चर्चचे पाद्री. कॅथलिक माणसाला मत नको म्हणून ते रिपब्लिकन उमेदवार रिचर्ड निक्सनच्या बाजूने होते. सुनेला आलेल्या त्या फोननंतर त्यांनी आपलं वजन केनेडींच्या पारड्यात टाकलं.

केनेडींच्या प्रचार यंत्रणेने मग या फोनची हकीकत सांगणारं एक पत्रक निळ्या कागदावर लाखोंनी छापून घेतलं. त्यावर नाव होतं ते कृष्णवर्णीय पाद्र्यांच्या एका समितीचं, कारण दक्षिणेतल्या गोऱ्या मतदाराला याचा सुगावा लागू द्यायचा नव्हता. मतदानाच्या आधीच्या रविवारी प्रार्थना संपवून बाहेर पडणाऱ्या लोकांच्या हातात ती पत्रकं पडली. केनेडी जिंकले ते सुमारे १ लाख १२ हजार मतांनी, पावणेसात कोटींहून अधिक मतदानात. ह्यूस्टनच्या भाषणाला जेवढं श्रेय मिळतं, त्यातलं थोडं या निळ्या कागदाला द्यायला हरकत नाही.

मराठी वाचकाला इथे एक प्रश्न पडेल: देवळात-चर्चमध्ये असा प्रचार चालतो कसा? आपल्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नुसार उमेदवाराने धर्माच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे. विलेपार्ल्याची १९८७ ची पोटनिवडणूक याच मुद्द्यावर न्यायालयाने रद्द ठरवली होती. अमेरिकेत उमेदवारावर असं बंधन नाही. बंधन आहे ते संस्थेवर, आणि तेही करसवलतीच्या रूपात. लिंडन जॉन्सन सिनेटर असताना १९५४ मध्ये त्यांनी करकायद्यात दुरुस्ती आणली: करमाफी घेणाऱ्या संस्थेने कुणा उमेदवाराच्या बाजूने वा विरोधात प्रचार करायचा नाही. चर्चेसही त्यात आली. अंमलबजावणी नावापुरतीच झाली, पण धाक राहिला.

१९७६ मध्ये जॉर्जियाचे डेमोक्रॅट जिमी कार्टर राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. प्लेन्स गावच्या चर्चमध्ये रविवारची बायबलची शाळा घेणारा हा माणूस आपण ‘बॉर्न अगेन’, म्हणजे ख्रिस्तावरच्या श्रद्धेतून नव्याने जन्मलेले, असल्याचं मोकळेपणाने सांगायचा. इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलचा शब्द अंतिम मानणाऱ्या आणि अशा ‘नव्या जन्मा’वर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट मतदारांना आपला माणूस मिळाल्यासारखं वाटलं. चार वर्षांत हेच मतदार त्यांच्यावर उलटले. का?

प्रचलित उत्तर आहे गर्भपात. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘रो विरुद्ध वेड’ खटल्यात गर्भपाताचा हक्क मान्य केला आणि धार्मिक जनता पेटून उठली, असं सांगितलं जातं. मला हे अर्धसत्य वाटतं. सदर्न बाप्टिस्ट या सर्वांत मोठ्या प्रोटेस्टंट पंथाने १९७१ मध्ये ठराव करून बलात्कार किंवा आईच्या आरोग्याला धोका अशा कारणांसाठी गर्भपाताला कायद्याने मुभा असावी, असं म्हटलं होतं. आधीची ठिणगी वेगळीच होती. वर्णभेद पाळणाऱ्या खासगी ख्रिस्ती शाळा-कॉलेजांची करमाफी सरकार काढून घेऊ लागलं होतं; साउथ कॅरोलिनातल्या बॉब जोन्स विद्यापीठाचं प्रकरण त्यातलं गाजलेलं. ‘आमच्या शाळांवर गदा आली’ ही भावना आधी, गर्भपाताचा झेंडा मागाहून. त्याच लाटेत व्हर्जिनियातले पाद्री जेरी फॉलवेल यांनी १९७९ मध्ये ‘मॉरल मेजॉरिटी’ ही संघटना काढली.

ऑगस्ट १९८० मध्ये डॅलसच्या रीयुनियन अरीनात हजारो पाद्री आणि कार्यकर्ते जमले. कार्टर आले नाहीत, त्यांच्याविरुद्ध उभे असलेले रिपब्लिकन रोनाल्ड रेगन आले. जॉन्सन यांच्या दुरुस्तीची सगळ्यांना कल्पना होतीच. रेगन म्हणाले ते साधारण असं: तुम्ही मला पाठिंबा जाहीर करू शकत नाही हे मला माहीत आहे, पण माझा तुम्हाला पाठिंबा आहे. सभागृह दणाणलं. घटस्फोटित, सिनेमातून आलेला, चर्चला क्वचित जाणारा उमेदवार बायबल शिकवणाऱ्या कार्टरना भारी पडला. उमेदवार स्वतः किती धार्मिक, हा प्रश्न तिथेच मागे पडला.

पुढची वर्षं यंत्रणा उभारण्यात गेली. टीव्हीवरचे धर्मप्रचारक पॅट रॉबर्टसन १९८८ मध्ये रिपब्लिकन उमेदवारीच्या लढतीत आयोवा राज्यात थोरल्या बुशना मागे टाकून दुसरे आले; मग त्यांच्या ‘ख्रिश्चन कोएलिशन’ने मतदानाआधीच्या रविवारी कुठला उमेदवार कुठल्या मुद्द्यावर कुठे उभा आहे, याचे तक्ते वाटायला सुरुवात केली. निळ्या पत्रकाचीच ही पुढची आवृत्ती, दुसऱ्या पक्षाच्या हातात गेलेली. धाकट्या बुशनी २००० मध्ये मुस्लिम संघटनांचाही पाठिंबा मिळवला होता, हे आज कुणाला आठवतही नाही.

जानेवारी २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प फॉलवेल यांनीच स्थापन केलेल्या लिबर्टी विद्यापीठात बोलले. मराठी बायबलात ‘करिंथकरांस दुसरे पत्र’ म्हणतात, त्याला इंग्रजीत ‘सेकंड कोरिंथियन्स’ म्हणायची रीत. ट्रम्प ‘टू कोरिंथियन्स’ म्हणाले आणि पोरं हसली. त्याने काही बिघडलं नाही. मे महिन्यात त्यांनी सर्वोच्च न्यायालयावर नेमण्याजोग्या अकरा न्यायाधीशांची यादीच छापून दिली. तोंडी ग्वाहीच्या जागी लेखी हमी आली. नोव्हेंबरात दर दहातल्या आठ गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांनी त्यांना मत दिलं. भारतीयांची मोठी वस्ती असलेल्या न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये ऑक्टोबरात त्यांनी हिंदू मतदारांसाठीही सभा घेतली, आणि ‘अब की बार ट्रम्प सरकार’ हे हिंदी वाक्य त्यांच्या तोंडी जाहिरातीत आलं.

यादीचा शब्द पाळला गेला. ट्रम्प यांच्या कारकिर्दीत तीन न्यायाधीश नेमले गेले आणि २४ जून २०२२ रोजी ‘रो’चा निकाल रद्द झाला. दोन वर्षांनी, २०२४ च्या प्रचारात, गर्भपाताचं काय ते राज्यांनी ठरवावं, असं म्हणून ट्रम्प बाजूला झाले. देशभर बंदीची रिपब्लिकन पक्षाची दशकांची मागणीही त्या जुलैत जाहीरनाम्यातून गेली. काही धार्मिक नेते चिडले, तसं बोललेही. नोव्हेंबरात दर दहातले आठ पुन्हा तिथेच होते.