गावकारीच्या भिंतीपासून मंत्रालयाच्या खुर्चीपर्यंत

ऑगस्ट 1973 मध्ये गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर गेले आणि त्यांच्या जागी त्यांची मुलगी शशिकला काकोडकर आल्या. वय 38. उत्तर प्रदेशात सुचेता कृपलानी आणि ओरिसात नंदिनी सत्पथी यांच्यानंतर देशातल्या त्या तिसऱ्या महिला मुख्यमंत्री. शेजारच्या महाराष्ट्राला हे आजवर साधलेलं नाही. ‘बापाच्या पुण्याईवर मिळालं’ असं म्हणून हा विषय मिटवता येतो, आणि पुष्कळजण मिटवतातही. पण त्यांच्याआधी गोव्यातली बाई सार्वजनिक कामात कुठे होती, हे पाहिल्याशिवाय शशिकलाताईंच्या कारकिर्दीचं मोल कळणार नाही.

गोव्याचं जुनं गाव चालायचं ते गावकारीवर, म्हणजे पोर्तुगीज कागदांतल्या कोमुनिदादवर. शेतजमीन, बांध, मानस (म्हणजे बांधातलं पाणी आतबाहेर सोडायचं दार), देवळाचा खर्च, पाण्याची वाटणी असा सगळा गाडा गावकार बसून ठरवायचे. गावकार होण्याचा हक्क मूळ घराण्यांतल्या पुरुषांकडे वंशपरंपरेनं यायचा, आणि उत्पन्नातला वाटा, ज्याला जोण म्हणतात, तोही पुरुषाच्या नावावर पडायचा. बाईचा हात शेतात आणि खळ्यावर होता, बैठकीत तिला जागा नव्हती.

यातली विसंगती मला फार बोचते. पोर्तुगीजांचा 1867 चा नागरी कायदा गोव्यात 1870 पासून लागू आहे. त्यानं मुलीला वारसाहक्कात मुलाइतकाच वाटा दिला आणि बायकोला संसाराच्या मिळकतीत अर्धा हिस्सा. उरलेल्या हिंदुस्थानातल्या बायकांना त्या काळी हे स्वप्नातही दिसत नव्हतं. म्हणजे घरातल्या मिळकतीची निम्मी मालकीण असलेली बाई गावाच्या मिळकतीबद्दल मात्र एक अक्षर बोलू शकत नव्हती. खुद्द पोर्तुगालात 1931 साली बायकांना मत मिळालं तेही अट घालून: पुरुषाला लिहितावाचता आलं की पुरे, बाईला मात्र माध्यमिक शिक्षण हवं. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत गावावर रेजिदोर या सरकारी कारभाऱ्याचा शब्द चालायचा, आणि तो वरून नेमलेला असायचा.

बायका सार्वजनिक जीवनात आल्या त्या निवडणुकीच्या वाटेनं नव्हे, तुरुंगाच्या वाटेनं. 6 एप्रिल 1955 ला म्हापशात भर बंदोबस्तात, पोर्तुगीज सत्तेविरुद्ध लढणाऱ्या गोवा काँग्रेसचं अधिवेशन भरलं. त्याच्या अध्यक्षस्थानी सुधाताई जोशी उभ्या राहिल्या आणि तिथूनच त्यांना अटक झाली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरपासून लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी सीमेपलीकडच्या जंगलातून गुप्त रेडिओ चालवला, तो थेट डिसेंबर 1961 पर्यंत. मुक्तीनंतर याच लिबियाबाई गोव्याच्या पहिल्या पर्यटन संचालक झाल्या. लढ्यातली बाई सरकारी खुर्चीवर बसली, याचं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण.

19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला आणि त्यानंतर सगळं झपाट्यानं घडलं. 1962 साली ग्रामपंचायतींचा कायदा आला आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात मतदान झालं. 9 डिसेंबर 1963 ला विधानसभेची पहिली निवडणूक झाली. ज्या गावात कालपर्यंत जोणकारांच्या यादीत नाव असेल त्यालाच बोलता यायचं, तिथे कुळाची बायको, दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकाराची म्हातारी आई, देवळाच्या आवाराबाहेर राहणारी बाई अशा सगळ्या एकाच रांगेत मत द्यायला उभ्या राहिल्या. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही, यावरच्या 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलातही असंच झालं. कौलाचा निकाल आम्हा मराठीवाल्यांपैकी अनेकांच्या मनाविरुद्ध गेला, पण तो बायकांच्या मतांसकट गेला.

शशिकलाताई पुढे आल्या त्या याच काळात. आधी आमदार, मग राज्यमंत्री, मग मुख्यमंत्री. त्यांच्या सरकारचे दोन कायदे मला सर्वांत मोलाचे वाटतात. पहिला 1975 चा मुंडकार संरक्षण कायदा. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या घर बांधून राहणारा तो मुंडकार. भाटकाराची मर्जी फिरली की घर सोडावं लागेल, ही धास्ती त्याला कायम असायची. या कायद्यानं हुसकावण्याला आळा घातला आणि घर व भोवतालची जागा विकत घेण्याचा हक्क दिला. दुसरा, कूळ कायद्यातली पाचवी दुरुस्ती: 20 एप्रिल 1976 पासून कसेल त्याची जमीन. भाटकारांनी तिला कोर्टात आव्हान दिलं आणि वाद वर्षानुवर्षं चालला. वडिलांनी ज्या बहुजनांच्या बळावर महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष उभा केला, त्यांच्या पायाखालची जमीन त्यांच्या नावावर करण्याचं हे पाऊल मुलीच्या काळात पडलं. ते उचलायला नुसती पुण्याई पुरत नाही.

एप्रिल 1979 मध्ये स्वपक्षातल्या फुटीनं त्यांचं सरकार पडलं. पुढची पक्षांतरं सर्वांना ठाऊक आहेत, त्यांत मी शिरत नाही. 1990 साली शिक्षणमंत्री म्हणून त्या परत आल्या, तेव्हा प्राथमिक शाळांचं अनुदान मराठी-कोंकणी माध्यमाशी बांधण्याचा निर्णय झाला. उतारवयातही त्या भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या व्यासपीठावर याच मुद्द्यासाठी उभ्या होत्या. ऑक्टोबर 2016 मध्ये त्यांचं निधन झालं.

राज्याच्या माथ्यावर बाई 1973 सालीच बसली. गावच्या पंचायतीत बायकांच्या एक तृतीयांश जागांची हमी यायला मात्र 73 वी घटनादुरुस्ती आणि 1994 चा गोवा पंचायत राज कायदा यावा लागला. मध्ये 21 वर्षं गेली. आणि त्या राखीव जागाही प्रभागाप्रभागांत फिरत्या असतात. पंचबाई पाच वर्षांत घरपट्टी, बांधकाम परवाना, ग्रामसभेचे ठराव हे सगळं शिकून घेते, आणि पुढच्या खेपेला तिचा प्रभाग खुला होतो. मग घरातलेच म्हणतात, आता भावाला उभा करूया.