जिनिव्हाचे नऊ अब्ज डॉलर कोणी खाल्ले?

२०२२ च्या महापुरानंतर जगाने पाकिस्तानला नऊ अब्ज डॉलर फुकट दिले आणि ते नेत्यांनी खाल्ले, असं आजही ठोकून सांगितलं जातं. तिकडचे विरोधकही हिशेब मागत होतेच.

जिनिव्हात ९ जानेवारी २०२३ ला पूरग्रस्त पाकिस्तानसाठी मदत परिषद झाली; तिथे मिळाली ती फक्त आश्वासनं. त्यांतला सुमारे ९० टक्के भाग प्रकल्प कर्जांचा, तोही तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळणारा, हे खुद्द पाकिस्तानचे तेव्हाचे अर्थमंत्री इशाक दार यांनीच सांगितलं होतं. इस्लामिक डेव्हलपमेंट बँक ४.२ अब्ज, जागतिक बँक २ अब्ज. कर्ज म्हणजे फेड आली. शिवाय प्रकल्प मंजूर होऊन काम पुढे सरकेल तसतसा पैसा सुटतो. पुनर्बांधणीची गरज मात्र १६.३ अब्जांची होती.

पैसा पोचतो कसा, हे सिंधमध्ये बघावं. तिथे सुमारे २१ लाख घरं बांधायची योजना आहे. घरामागे तीन लाख पाकिस्तानी रुपये, थेट बँक खात्यात, हप्त्यांनी. जोतं उभं राहिलं, तपासणी झाली, की पुढचा हप्ता. ठेकेदार मध्ये नाही. घर कुटुंबानेच बांधायचं.

भ्रष्टाचार झालाच नाही, असं माझं म्हणणं नाही. पण जो पैसा तिजोरीत आलाच नव्हता, तो खाणार कोण?