घोट्याखाली पाय नाहीत

पांढरीची माती उकरताना रांजण लागला आणि त्यात हाडं निघाली, की दुपारपर्यंत गावात निकाल लागलेला असतो: एक तर गुप्तधनाची राखण, नाहीतर नरबळी. व्हॉट्सअॅपवर फोटो फिरतो आणि कुणीतरी तिथं लिंबूही ठेवून येतो.

पुरातत्त्वज्ञ इतक्या घाईने जुन्या माणसांच्या मनापर्यंत पोचत नाहीत. ख्रिस्तोफर हॉक्स यांनी १९५४ मध्ये याची उतरंडच मांडली: भांडं कसं घडवलं हे कळणं सोपं, लोक काय खात हे जरा अवघड, समाजाची घडण त्याहून अवघड, आणि श्रद्धा सगळ्यात अवघड.

पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केलं. तिथले जोर्वे संस्कृतीचे लोक, म्हणजे तांबं आणि दगड दोन्ही वापरणारे शेतकरी, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे. इनामगावात लहान मुलं दोन कुंभांची तोंडं जुळवून घराच्या जमिनीखालीच पुरलेली सापडली. एवढी, की रांजणातलं पोर म्हणजे बळी, हे म्हणणं तिथंच निकालात निघतं. मोठी माणसं खड्ड्यात आडवी, डोकं उत्तरेला. त्यांना घोट्याखाली पाय नाहीत!

पाय तोडले, की नंतर नाहीसे झाले? एका पावलात २६ हाडं, बहुतेक बारकी. उंदीर, नांगर, पाणी, कुणीही ती हलवू शकतं. पण उंदीर दोन्ही घोटे मोजून थांबत नाही. अपघातात कुठं डावं पाऊल जातं, कुठं नुसती बोटं. कबरीमागून कबरीत नेमकी तीच जागा रिकामी असेल, तर मागे माणसाचा हात आहे. मग हाडाची कड बघायची. ताज्या हाडात कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन असतं, म्हणून ते लवचिक असतं आणि मोडताना तिरकं, गुळगुळीत चिरतं; वाळलेलं हाड काटकोनात, खरबरीत तुटतं. पात्याची खूण इंग्रजी व्ही अक्षरासारखी उमटते. तुटलेल्या जागेचा रंग बाकीच्या हाडाएवढाच जुना हवा. फिकट दिसला तर तो आपल्याच कुदळीचा प्रताप.

इथवर झालं ते वागणं. आता मन. मेलेला भूत होऊन परत चालत येऊ नये म्हणून पाय तोडले, असा अर्थ उत्खनन करणाऱ्यांनी लावला. आपल्याला तो चटकन पटतो, कारण आपल्या भुतांचे पायही उलटे. हे पटणं मला पुरावा वाटत नाही.

त्याच गावात चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला एक पुरुष मिळाला. त्याचे पाय शाबूत होते. तो गावचा प्रमुख असावा, असं मानतात. मग त्याच्या भुताची भीती नव्हती, की त्याने परत यावं असंच लोकांना वाटत होतं?